साडेबारा डझनांचे शून्य: पगाराच्या प्रणालीत गिळल्या गेलेल्या त्रुटींचा शोध

पार्श्वभूमी

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल आणि चादरी तयार करणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कोडमध्ये जे घडले, ते मात्र जसेच्या तसे मांडले आहे. या कारखान्याची उत्पादन-नोंद आणि मजुरीचा हिशेब सांभाळणारी प्रणाली आमच्या चार जणांच्या गटाने जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिली असून अनेक वर्षे तिची देखभालही आम्हीच करतो. कोड सुमारे ५८ हजार ओळींचा आहे आणि त्यातला बराचसा भाग वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या घाईत लिहिला गेलेला आहे.

मजुरीची पद्धत समजल्याशिवाय हे प्रकरण समजणार नाही. मागावरच्या कामगारांची मजुरी चादरीच्या नगावर ठरते आणि नग नेहमी पूर्णांकात असतात. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या विभागात बहुतेक महिला काम करतात. तिथली मजुरी डझनावर ठरते आणि गठ्ठा अर्धवट राहिला तर साडेबारा, सव्वानऊ अशीही नोंद होते. पूर्वी मुकादम वहीत लिहायचे आणि ऑफिसमधला कारकून ते आकडे संगणकावर चढवायचा. दिवाळीच्या मागणीमुळे काम वाढले, तेव्हा शिवण विभागाच्या मुकादमांनी पाळी संपताना मोबाईलवरूनच थेट नोंद करावी, असे ठरले आणि आम्ही त्यासाठी एक साधा वेब-फॉर्म दिला. पगार दर शनिवारी होत असे.

तक्रार

मोबाईलवरून नोंद सुरू झाल्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी शिवण विभागातील एक कामगार महिला पगाराची चिठ्ठी आणि एक पुठ्ठा घेऊन ऑफिसात आली. पुठ्ठा टॉवेलच्या खोक्याचा फाडलेला तुकडा होता. त्यावर तिने आठवडाभर पेनने उभ्या रेघा ओढल्या होत्या, प्रत्येक पाचवी रेघ आडवी, आणि अर्ध्या डझनासाठी छोटी अर्धी रेघ. तिचे म्हणणे थोडक्यात होते: “सर, माझ्या पुठ्ठ्यावर साडेशहाण्णव डझन हायत, तुमच्या चिठ्ठीवर साडेएकाहत्तर कसं?” कारकुनाने पडद्यावर पाहून सांगितले, “अक्का, सिस्टीममध्ये एवढंच आलंय.” ती वाद न घालता तिथेच उभी राहिली आणि मुकादमांना बोलावण्यात आले. मुकादमांनी मोबाईलवरून प्रत्येक दिवसाची नोंद केल्याचे ठामपणे सांगितले.

दोघेही खरे बोलत होते. प्रणालीत सगळ्या दिवसांच्या नोंदी होत्या, मात्र त्यांतल्या दोन नोंदींमध्ये डझनांच्या रकान्यात ०.० होते. फरक बरोबर २५ डझनांचा होता, म्हणजे प्रत्येकी साडेबारा डझनांच्या दोन नोंदी. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत, त्या दोन्ही दिवशी एकही त्रुटी नोंदलेली नव्हती. आमच्याकडे फोन आला तेव्हा आमच्यातल्या एकाची पहिली प्रतिक्रिया, “नोंदच शून्य टाकली असेल,” अशी होती. ती इथे मुद्दाम लिहितो, कारण रिकामा लॉग पाहिला की कोणताही प्रोग्रॅमर आधी माणसावर संशय घेतो.

कारणाचा शोध

आम्ही मुकादमांना त्यांच्याच मोबाईलवर आमच्यासमोर एक नोंद करायला सांगितले. त्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड होता आणि त्यांनी देवनागरी अंकांत १२.५ लिहिले. फॉर्मचा रकाना साध्या मजकुराचा असल्याने त्याने ते विनातक्रार स्वीकारले, हिरव्या अक्षरांत ‘नोंद जतन झाली’ असा संदेश आला आणि डेटाबेसमध्ये शून्य जमा झाले.

पुढचा अर्धा तास आम्हाला जे उलगडले नाही, ते असे की मागावरच्या विभागातही काही नोंदी देवनागरी अंकांत झाल्या होत्या आणि त्या सगळ्या बरोबर होत्या. उत्तर जावाच्या मूळ लायब्ररीत सापडले. पूर्णांक वाचणारी ‘इंटिजर’ वर्गाची ‘पार्सइंट’ ही पद्धत युनिकोडमधील (जगातील लिप्यांच्या सामायिक अक्षर-संकेतातील) कोणत्याही लिपीचे दशमान अंक ओळखते, त्यामुळे देवनागरीतील ४८ ती व्यवस्थित वाचते. दशांश संख्या वाचणारी ‘डबल’ वर्गाची ‘पार्सडबल’ मात्र फक्त रोमन लिपीसोबत वापरले जाणारे अंक ओळखते. देवनागरी अंक दिसताच ती ‘नंबरफॉरमॅटएक्सेप्शन’ फेकते, म्हणजे ‘हा आकडा वाचता येत नाही’ अशी त्रुटीची सूचना (एक्सेप्शन) देते. नगांचा रकाना पहिल्या पद्धतीने वाचला जात होता आणि डझनांचा दुसऱ्या. म्हणून एकाच कारखान्यात, एकाच कीबोर्डवरून टाकलेल्या आकड्यांपैकी चादरी विणणाऱ्याचा आकडा पोहोचत होता आणि टॉवेल शिवणारीचा हरवत होता.

एक्सेप्शन फेकले गेले, यात गैर काहीच नव्हते. वाचता न येणारी गोष्ट वाचता येत नाही, असे भाषेने वेळीच आणि स्पष्टपणे सांगितले होते. दोष ते एक्सेप्शन झेलणाऱ्या कॅच ब्लॉकमध्ये, म्हणजे एक्सेप्शन आल्यावर काय करायचे हे सांगणाऱ्या कोडच्या तुकड्यात होता. तिथे डझनांच्या चलाला (आकडा साठवणाऱ्या जागेला) शून्य बहाल केले होते आणि वर एक टिप्पणी होती: ‘नोंद नसेल तर शून्य धरणे’. तो ब्लॉक मीच लिहिला होता. त्या काळी नोंद कारकून करायचा आणि ज्या कामगाराची त्या दिवशी सुट्टी असे, त्याचा रकाना रिकामा सोडायचा. रिकामा मजकूर दशांश संख्या म्हणून वाचायला गेले की हेच एक्सेप्शन येते आणि सगळा पडदा बंद पडायचा. रिकाम्या रकान्यासाठी शून्य हे उत्तर बरोबरच होते. पण ‘काही लिहिलेच नाही’ आणि ‘लिहिले आहे, पण मला वाचता येत नाही’ या दोन अगदी वेगळ्या परिस्थिती त्या एका ब्लॉकने एकच मानल्या. कॅच ब्लॉकमधील चुका पुष्कळदा याच वाटेने येतात: एका खऱ्या अडचणीवर दिलेले योग्य उत्तर दुसऱ्या अडचणीलाही लागू पडते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

त्यातही शून्याचा धोका सर्वांत मोठा, कारण मजुरीच्या हिशेबात शून्य हा वैध आकडा आहे. ‘नल’ (मूल्यच नाही, अशी खूण) राहिले असते तर पुढे कुठेतरी काहीतरी अडले असते. शून्य बेरजेत निमूटपणे सामील झाले आणि चिठ्ठीपर्यंत पोहोचले.

विचारात घेतलेले पर्याय

कारखानदारांची अपेक्षा साधी होती: पुढच्या शनिवारच्या आत हे दुरुस्त व्हावे. तेवढी दुरुस्ती एका तासाची होती. खरा प्रश्न दुसराच होता. असा एक ब्लॉक सहा वर्षे कोणाच्या नजरेस न येता राहू शकतो, तर असे आणखी किती आहेत? मजुरीच्या प्रणालीत हा प्रश्न पुढे ढकलणे मला योग्य वाटत नव्हते, कारण प्रत्येक कामगार पुठ्ठ्यावर रेघा ओढत नाही.

सगळा कोड माणसाने वाचून काढणे हा पहिला पर्याय. चार जणांत तो महिनाभराचा होता, आणि ज्यांनी लिहिले त्यांनीच वाचले तर स्वतःच्या टिप्पणीवर विश्वास ठेवून पुढे जाण्याची शक्यता दाट होती. ‘कॅच’ हा शब्द फाइलींमध्ये शोधणे हा दुसरा. तो आम्ही करून पाहिला. एकूण ३८६ ठिकाणे मिळाली, पण त्यांतली कोणती आधी पाहायची याचा काहीच अंदाज येईना. सगळ्यांवर एकच सार्वत्रिक झेलणारा थर टाकावा, अशी तिसरी सूचना आली. ती आम्ही लगेच बाजूला ठेवली, कारण खाली गिळले गेलेले एक्सेप्शन वरच्या थरापर्यंत पोहोचतच नाही. उरला पर्याय स्टॅटिक अ‍ॅनालिसिसचा, म्हणजे प्रोग्रॅम न चालवता त्याच्या कोडची रचना नियमांनुसार तपासून घेण्याचा.

त्रुटी हाताळणारा कोड चाचण्यांमध्ये क्वचितच चालतो, आणि म्हणूनच तो न चालवता तपासण्याला विशेष अर्थ आहे. टोरंटो विद्यापीठातील डिंग युआन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, हडूप मॅपरिड्यूस आणि रेडिस या पाच वितरित, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून चालणाऱ्या, प्रणालींमधील १९८ बिघाड अभ्यासले होते. संपूर्ण सेवा कोलमडवणाऱ्या बिघाडांपैकी ९२ टक्के बिघाडांच्या मुळाशी, कोडने स्वतःहून कळवलेली त्रुटी चुकीच्या रीतीने हाताळणे हे कारण होते. ३५ टक्क्यांमध्ये तर चूक अगदी क्षुल्लक होती: ब्लॉक रिकामा किंवा नुसता लॉग लिहिणारा, गरजेपेक्षा व्यापक एक्सेप्शन झेलून सगळेच बंद पाडणारा, किंवा ‘नंतर करू’ अशा टिप्पणीवर सोडलेला. या तीन प्रकारांसाठी त्यांनी ‘ॲस्पिरेटर’ नावाचे एक साधे तपासणी-साधनही तयार केले होते. आमचा कारखाना काही वितरित प्रणाली नव्हे, पण इतके साधे नियम इतके काही पकडू शकतात हे वाचून आमच्या गटाची साशंकता कमी झाली.

साधनाची निवड आणि पहिला धक्का

जावासाठी आमच्यासमोर तीन परिचित साधने होती. पीएमडी मूळ कोडचा व्याकरण-वृक्ष (रचनेचा आराखडा) तयार करून त्यावर नियम लावते. फाइंडबग्सचा वारसा चालवणारे स्पॉटबग्स बाइटकोड (कोडचे यंत्रासाठी केलेले रूपांतर) तपासते, म्हणून त्याला आधी कोड पूर्ण संकलित, म्हणजे तसा रूपांतरित, झालेला लागतो. सोनारक्यूबमध्ये नियमांसोबत नोंदी ठेवणारा सर्व्हर आणि डॅशबोर्ड असतो. वजनकाट्याशी बोलणारा आमचा जुना विभाग एका हरवलेल्या लायब्ररीमुळे संकलितच होत नव्हता. त्यामुळे आम्ही पीएमडीने सुरुवात केली. ही निवड गुणवत्तेची तुलना करून झालेली नव्हती, त्या दिवशी जे चालू शकत होते ते घेतले.

एक्सेप्शनशी संबंधित नियम एकत्र करून आम्ही ते पूर्ण कोडवर चालवले. रिकामा कॅच ब्लॉक, सर्वसाधारण ‘एक्सेप्शन’ किंवा ‘थ्रोएबल’ (म्हणजे जवळपास कोणतीही त्रुटी) झेलणे, ‘प्रिंटस्टॅकट्रेस’ वर, म्हणजे त्रुटीचा माग नुसता छापण्यावर, समाधान मानणे, नवे एक्सेप्शन फेकताना मूळ कारण न जोडणे, ‘फायनली’ (काहीही झाले तरी शेवटी चालणारा भाग) मधून ‘रिटर्न’ करणे, म्हणजे मूल्य परत देणे, असे ते नियम होते. ४१२ इशारे आले. सर्वांनी यादी पाहायला सुरुवात केली आणि तासाभराने आमच्यातल्या सर्वांत नव्या सहकारी मुलीने विचारले, “यात डझनांचा ब्लॉक कुठे आहे?”

तो नव्हता. ज्या ब्लॉकमुळे हे सगळे सुरू झाले, तो ४१२ इशाऱ्यांमध्ये कुठेच नव्हता. त्यात एक विधान असल्यामुळे तो रिकामा नव्हता. त्याने ‘नंबरफॉरमॅटएक्सेप्शन’ हे नेमके एक्सेप्शन झेलले होते, म्हणून व्यापक झेलण्याचा नियमही लागू होत नव्हता. त्यात नवे एक्सेप्शन फेकलेले नव्हते, म्हणून कारण हरवण्याचा नियमही गप्प. नियमांच्या नजरेतून तो नीटनेटका ब्लॉक होता. पुढे संकलनाची अडचण सुटल्यावर स्पॉटबग्सही चालवले. त्यानेही त्या ओळीवर काही म्हटले नाही.

हा या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा. तो प्रश्न त्या दिवशी विचारला गेला नसता तर आम्ही ४१२ इशारे निकालात काढून, शून्य इशाऱ्यांचा अहवाल कारखानदारांना दाखवून समाधानाने थांबलो असतो.

स्वतःचा नियम

पीएमडीमध्ये एक्सपाथ (वृक्षासारख्या रचनेत शोध घेण्याची भाषा) वापरून स्वतःचे नियम लिहिता येतात. आम्ही लिहिलेल्या पहिल्या नियमाचा अर्थ असा होता: ज्या कॅच ब्लॉकमध्ये झेललेल्या एक्सेप्शनचा चल एकदाही वापरलेला नाही आणि ज्यातून शून्य, नल, असत्य, रिकामा मजकूर किंवा रिकामी यादी ‘रिटर्न’ होते, तो दाखव. त्यातही आमचा ब्लॉक आला नाही, कारण तो शून्य ‘रिटर्न’ करत नव्हता, चलात टाकत होता. नियम वाढवला तेव्हा तो आला आणि त्याच्यासोबत आणखी २८ ब्लॉक आले. तेव्हापासून आम्ही एक शिस्त पाळतो: कोणत्याही नव्या नियमाने आधी माहीत असलेला दोष पकडून दाखवावा, मगच त्याच्या अहवालावर वेळ घालवावा.

त्या २९ ब्लॉकचे वाचन दोन दिवस चालले. सहा थेट पैशांशी संबंधित होते. उचल वजा करण्याचा कोड वाचता न आलेली उचल नसल्याचे धरत होता, म्हणजे नुकसान कामगाराचेच होत होते असे नाही, मालकाचेही होत होते. काही ठिकाणी मात्र ठरावीक मूल्य परत करणे योग्य होते. उदाहरणार्थ, तारीख एका पद्धतीने वाचता आली नाही तर दुसऱ्या पद्धतीने वाचून पाहणारा कोड. नियम हा फरक ओळखू शकत नाही. शून्य कुठे निरुपद्रवी आहे आणि कुठे कोणाच्या दोन दिवसांच्या कामाइतके आहे, हे कोडच्या रचनेत लिहिलेले नसते.

मूळच्या ४१२ इशाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक एकाच जुन्या सवयीचे होते: डेटाबेसची जोडणी ‘फायनली’ मध्ये बंद करताना येणारे एक्सेप्शन रिकाम्या कॅचमध्ये टाकणे. जावा ७ पासून उपलब्ध असलेल्या ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ ने ते नाहीसे करता येतात आणि आम्ही तसे केलेही. काम सोपे होते आणि आकडा भराभर खाली येत होता, म्हणून आमचा एक पूर्ण आठवडा त्यात गेला. पैशांशी संबंधित सहा ब्लॉक त्या आठवड्यात तसेच पडून होते. हे चुकले.

दुरुस्ती करतानाच्या दोन चुका

डझनांच्या ब्लॉकची पहिली दुरुस्ती आम्ही रागाने केली, असे आता वाटते. रिकामा रकाना वेगळा तपासला, संख्या वाचण्यासाठी ‘बिगडेसिमल’ घेतले, जे देवनागरी अंकही वाचते आणि पैशांच्या हिशेबासाठी तसेही अधिक योग्य आहे, आणि उरलेल्या प्रत्येक वाचता न येणाऱ्या मजकुरासाठी एक्सेप्शन थेट वर जाऊ दिले. दोन दिवसांनी पाळी संपताना मुकादमांनी तीसएक कामगारांच्या नोंदी भरल्या. एका रकान्यात चुकून दोन दशांश चिन्हे पडली आणि सगळा फॉर्म नाकारला गेला. तीसही नोंदी गेल्या. घरी निघालेल्या बायकांना थांबवून त्यांनी आकडे पुन्हा विचारले.

त्यानंतर आम्ही जे आधी करायला हवे होते ते केले आणि मुकादमांच्या शेजारी बसलो. एक्सेप्शन हा शब्द न उच्चारता विचारले की एखादा आकडा वाचता आला नाही तर काय व्हावे. त्यांचे उत्तर होते, “काम थांबवू नका, पण मला कळू द्या.” त्या एका वाक्यावरून रचना ठरली. वाचता आलेल्या नोंदी जतन होतात; न आलेली नोंद मूळ मजकुरासह वेगळ्या तक्त्यात जाते, मुकादमांच्या पडद्यावर लाल होऊन राहते, आणि अशी एकही नोंद शिल्लक असेल तर त्या आठवड्याचा पगार निश्चित करता येत नाही.

दुसरी चूक अधिक तांत्रिक होती, पण तिचे परिणाम अधिक गंभीर होऊ शकले असते. पगार निश्चित करणारी पद्धत स्प्रिंग या जावाच्या चौकटीच्या व्यवहार-नियंत्रणाखाली चालत होती (व्यवहार म्हणजे डेटाबेसमधले असे बदल, जे एकत्र पक्के होतात किंवा एकत्र मागे घेतले जातात): आधी डेटाबेसमध्ये सर्व ओळींवर ‘अदा’ अशी खूण होई आणि मग बँकेला द्यायची फाइल ऑफिसमधल्या संगणकाच्या सामायिक फोल्डरमध्ये लिहिली जाई. वीज जाऊन तो संगणक बंद असला तर फाइल लिहिताना ‘आयओएक्सेप्शन’ येई, कॅच ब्लॉक लॉगमध्ये एक ओळ लिहून गप्प बसे आणि व्यवहार पक्का होई. म्हणजे कागदोपत्री पगार दिलेला, बँकेकडे फाइल नाही. आम्ही तो कॅच काढून एक्सेप्शन बाहेर जाऊ दिले. आता व्यवहार आपोआप मागे फिरेल, असे सगळ्यांनी गृहीत धरले.

तो फिरला नाही. स्प्रिंग मूळ मांडणीत फक्त ‘रनटाइमएक्सेप्शन’ आणि ‘एरर’ आल्यावरच व्यवहार मागे घेते. ‘आयओएक्सेप्शन’ सारखे तपासणी-सक्तीचे (जे झेलणे किंवा जाहीर करणे जावा सक्तीचे करते असे) एक्सेप्शन बाहेर पडले तरी व्यवहार पक्का करते. फोल्डरचा मार्ग मुद्दाम चुकीचा देऊन केलेल्या चाचणीत हे दिसले, म्हणून ते प्रत्यक्ष पगारापर्यंत गेले नाही. ‘रोलबॅकफॉर’ हा गुणधर्म स्पष्टपणे लिहून ते दुरुस्त केले. पीएमडीच्या दृष्टीने आमची अपुरी दुरुस्तीही निर्दोष होती, कारण गिळणारा ब्लॉक आता कोडमध्ये नव्हताच. इशारा नाहीसा होणे आणि दोष नाहीसा होणे या दोन गोष्टी इथे स्पष्टपणे वेगळ्या झाल्या.

थकबाकी

कोड दुरुस्त झाला तरी पैशांचा प्रश्न उरलाच होता. नुकसान झालेल्या प्रत्येक नोंदीत डेटाबेसमध्ये फक्त शून्य होते. मुकादमांनी टाकलेला मूळ मजकूर कुठेही जतन झालेला नव्हता, त्यामुळे संगणकावरून हिशेब नव्याने करणे अशक्य होते. त्या कॅच ब्लॉकने चूक लपवली होती आणि ती भरून काढायला लागणारा पुरावाही नष्ट केला होता. एवढ्या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त हे लागले.

शेवटी कागदच कामी आला. पॅकिंग विभागाच्या वहीत रोज शिवून आलेल्या एकूण डझनांची नोंद होती. त्यातून प्रणालीतील बेरीज वजा करून रोजची तूट काढली, मुकादमांच्या खिशातल्या डायरीवरून ती कामगारांमध्ये वाटली, आणि जिथे डायरीत आकडा नव्हता तिथे तक्रार घेऊन आलेल्या महिलेचे आणि तिच्यासारख्या आणखी दोघींचे पुठ्ठे पाहिले. ज्या थोड्या नोंदींसाठी कोणताच पुरावा मिळाला नाही, तिथे कारखानदारांनी त्या कामगाराच्या नेहमीच्या कामाची सरासरी धरून रक्कम देण्याचे मान्य केले. तीन आठवड्यांची थकबाकी दिवाळीच्या आधीच्या शनिवारी दिली गेली.

आता काय चालू आहे

प्रत्येक बदलाच्या वेळी नियम आपोआप चालतात. जुन्या इशाऱ्यांची यादी कोडसोबत जतन केली असून एक छोटी स्क्रिप्ट नव्या अहवालाची तिच्याशी तुलना करते. नवा इशारा आला तर बदल स्वीकारला जात नाही, जुने टप्प्याटप्प्याने कमी केले जातात. पहिल्याच दिवशी सगळे ४१२ अडवले असते तर गटाने आठवडाभरात नियमच बंद केले असते.

एका पळवाटेवर बराच वाद झाला. पीएमडीचा रिकाम्या ब्लॉकचा नियम झेललेल्या चलाचे नाव ‘इग्नोअर्ड’ किंवा ‘एक्स्पेक्टेड’ असल्यास मूळ मांडणीत इशारा देत नाही. काहींचे म्हणणे होते की ती सोय काढून टाकावी, नाहीतर घाईत कोणीही नाव बदलून मोकळा होईल. मी ती ठेवण्याच्या बाजूने होतो, कारण जाणूनबुजून दुर्लक्ष केल्याचे नावातच लिहिलेले असणे हे लपवण्यापेक्षा बरे. मग ठरले असे की नाव वापरता येईल, पण दुर्लक्ष का केले आणि त्याचा फटका कोणाला बसू शकतो, हे शेजारच्या टिप्पणीत लिहावे आणि दुसऱ्या एका सहकाऱ्याने ते वाचून मान्य करावे. मजुरी आणि उचल यांच्या विभागात मात्र ही सूट नाही.

वेगळे काय करता आले असते

सुरुवात नेमक्या घटनेवरून नियम लिहिण्यापासून करायला हवी होती आणि तयार नियमांचा मोठा संच नंतर चालवायला हवा होता. तसे केले असते तर सहा गंभीर ब्लॉक पहिल्या दोन दिवसांतच हाती आले असते. मुकादमांशी बोलणे दुरुस्तीच्या आधी झाले असते तर तीस नोंदी गेल्या नसत्या. आणि वापरकर्त्याने टाकलेला मूळ मजकूर, तो वाचता येवो न येवो, जतन करणे हा निर्णय मोबाईलचा फॉर्म देतानाच घ्यायला हवा होता. त्याचा खर्च डेटाबेसमध्ये एका जादा रकान्याएवढाच होता.

स्टॅटिक अ‍ॅनालिसिसकडून काय अपेक्षा ठेवायची, याबाबतही आमचे मत बदलले. पूर्णांक वाचणारी पद्धत देवनागरी अंक घेते आणि दशांश वाचणारी घेत नाही, हा फरक आमच्या कोणत्याही नियमाला दिसला नसता. तो फक्त खऱ्या फोनवर, खऱ्या कीबोर्डवरून केलेल्या नोंदीतच दिसला. नियमाचे काम त्याच्यानंतरचे आहे: अशी अनपेक्षित गोष्ट घडली, तर ती गिळून टाकणारी जागा कोडमध्ये कुठे कुठे आहे, हे दाखवणे.

वजनकाट्याच्या जुन्या विभागातील ११ ब्लॉक अजून बाकी आहेत. त्यांत ‘इंटरप्टेडएक्सेप्शन’ (थांबण्याची सूचना) गिळणारे तीन आहेत, ज्यांच्यामुळे प्रणाली बंद करताना काटा वाचणारा थ्रेड, म्हणजे समांतर चालणारा कामाचा धागा, अडून राहतो. काटा बंद ठेवून चाचणी करण्यासाठी कारखान्याला सुट्टी लागते, म्हणून ते काम संक्रांतीला, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत करायचे ठरले आहे. मुकादमांच्या पडद्यावरचा लाल रकाना रोज सरासरी एखाददुसऱ्या नोंदीसाठी उजळतो. ती महिला अजूनही पुठ्ठ्यावर रेघा ओढते, आणि शनिवारी कारकून चिठ्ठी देण्याआधी तिच्याकडून तो मागून घेतो.